कट्टा पलीकडे गेला पाहिजे

पोरी,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. मदतीच्या धान्याचे ट्रक 4 दिवसांपासून नाक्यावर उभे आहेत, वेढा घालणारे हिस्सा मागून राहिले, अन् तू विचारते की सर, यांना दिलं तर आपणच वेढ्याला पोसतो ना? हो, थोडं पोसतो. पण कट्टा, म्हणजे धान्याचं पोतं, पलीकडे गेला पाहिजे.

पर्लकोटा नदीच्या पुराचं मी तुम्हाला वर्गात कधी पूर्ण सांगितलं नाही. भामरागड दर पावसाळ्यात तुटतं तसं तेव्हाही तुटलं होतं, आमच्याजवळ तांदळाचे 40 कट्टे, अन् डोंगे ज्याच्या हातात होते तो म्हणे आधी 10 कट्टे माझ्या घरी टाका. मी नाही म्हणालो, भांडलो, घाटावरून परत आलो, अन् रात्री पाणी एवढं चढलं की मग डोंगाही चालेना. तांदूळ शाळेच्या वऱ्हांड्यात भिजून आंबला. पाणी उतरल्यावर पलीकडची एक म्हातारी भेटली, म्हणाली, "मास्तर, तुमचं भांडन झालं म्हने, आमचं जेवन राहून गेलं."

तू बोस्नियाच्या वेढलेल्या राजधानीचं, साराजेवोचं वाचलं आहेस ना, मग काहून विसरते? फेब्रुवारी 1993 मध्ये पूर्व बोस्नियाचे ताफे सर्ब सैन्य अडवत होतं म्हणून साराजेवोच्या सरकारनं स्वतःच धान्य नाकारलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्त सादाको ओगाता यांनी बोस्नियातलं बरंचसं मदतकार्य थांबवलं. राग खरा होता त्यांचा. पण थोड्याच दिवसांत महासचिव बुत्रोस घाली यांनी ते परत सुरू करायला लावलं. त्याच वर्षी तिथल्या लोकांनी विमानतळाच्या धावपट्टीखालून जवळपास 800 मीटरचा बोगदा खणला अन् वाकून वाकून पाठीवर सामान आत नेलं. वाकूनच बरं का.

अन् विमानातून टाकू म्हणते तर 2016 चं सीरियातलं वेढलेलं देर एझोर शहर बघ. फेब्रुवारीत पहिल्यांदा 21 टन धान्य-सामान टाकलं, काही फुटलं, काही दोन्ही फौजांच्या मधल्या जागेत पडलं, काहीचा पत्ताच नाही. नंतर पद्धत सुधारली, खाली उचलायला माणसं होती, तेव्हा कुठं जमलं. सोडला म्हणजे पोचला नाही बाप्पा, पलीकडे मोजायला कोणी पाहिजे.

मला लोकं अजून म्हणतात मास्तर वाकले. वाकलो! पुढच्या पुरात 60 पैकी 8 कट्टे दिले, 52 पलीकडे गेले, अन् ते 8 कोणी घेतले ते तारखेसकट माझ्या वहीत आहे. त्या 52 चं काय ते कोणी विचारत नाही मला. डिझेल मागितलं तर देऊ नको, यादीतली नावं मागितली तर मरून जा पण देऊ नको. धान्यावर मात्र बस त्याच्यासमोर, चहा दिला तर पी, अन् हिस्सा खाली आण.

जेवत जा वेळेवर, आवाज बसलेला वाटला तुझा परवा. अन् उद्या नाक्यावरून आली की मला बाकी काही नको लिहू, किती आत गेले तेवढा आकडा पाठव.

तुझा,
मास्तर