कन्हानची रेती की संगमरवरी खडी?

दोन फुटांच्या काचेच्या टाकीत कोरीडोरस आणि निऑन टेट्रा हे मासे ठेवायचे आहेत, थोड्या जिवंत वनस्पतीही लावायच्या आहेत, आणि दुकानदार तळाला पांढरी संगमरवरी खडी सुचवतो आहे, ती घ्यावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले क्षार, वाढवते. गप्पी किंवा मॉली असत्या तर फारसे बिघडले नसते, पण निऑन टेट्रा मृदू पाण्यातला मासा आहे आणि आपल्याकडे, विशेषतः बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांकडे, ते मुळातच जड असते. कोरीडोरसची अडचण वेगळी. हा मासा तोंडाने रेती उचलून कल्ल्यांवाटे बाहेर टाकत अन्न शोधतो. माझ्या पहिल्या टाकीत मीही तीच खडी घातली होती. फटींत अडकलेले खाद्य कुजू लागले आणि काही महिन्यांत कोरीडोरसच्या मिशा झिजून नुसते खुंट उरले.

त्याऐवजी बांधकामाच्या साइटवर मिळणारी, आपल्या विदर्भातल्या कन्हान नदीची रेती पुरेशी आहे. मूठभर रेती वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतावे. बुडबुडे आले तर तिच्यात चुन्याचा अंश आहे असे समजून ती नाकारावी. पसंत पडलेली रेती उन्हात खडखडीत वाळवावी (आपल्या मे महिन्यात यासाठी एक दुपार पुरते), मग मैद्याच्या चाळणीतून खाली पडेल ती धूळ आणि रव्याच्या चाळणीवर अडकतील ते खडे टाकून द्यावेत. मधली रेती बादलीत हाताने घोळून धुवावी. दहा-बारा पाणी तरी काढावे लागते. वरचे पाणी इतके नितळ हवे की बादलीचा तळ दिसावा. या कामात कंटाळा केला तर टाकी आठवडाभर ताकासारखी दिसते.

साठ बाय तीस सेंटीमीटरच्या तळावर सरासरी पाच सेंटीमीटर थरासाठी नऊ लिटर, म्हणजे साधारण चौदा किलो रेती लागेल. पुढे तीन आणि मागे सहा-सात सेंटीमीटर असा उतार द्यावा. बारीक रेतीचा थर याहून जाड केला की तळाशी प्राणवायू पोहोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू साठतो. रेतीत पोषण नसते, म्हणून व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरीन या वनस्पतींच्या मुळांशी खताच्या गोळ्या खोचाव्यात. अनुबियासला मात्र लाकडावरच बांधावे, कारण त्याचा आडवा कंद रेतीत पुरला की कुजतो. शेतातली काळी माती खाली घालण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, कारण ती फुगून गढूळ होतेच, शिवाय तिच्यात चुनखडीचे गोटेही असतात.

भरलेल्या टाकीचे वजन ऐंशी किलोच्या आसपास जाईल, त्यामुळे स्टँड भक्कम आणि समपातळीत असावा. काचेखाली थर्माकोल घालावा. रेतीवर थाळी ठेवून तिच्यावर पाणी ओतले की उतार मोडत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी क्लोरीननाशक औषध वापरावे.

मासे मात्र आताच आणू नयेत. फिल्टरमध्ये आणि रेतीत अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात; दररोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो, आणि टेस्ट किटवर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच पाच-सहा मासे सोडावेत. तोवर पाऊस सुरू झालेला असेल, आणि ते सोयीचेच आहे, कारण निऑनला सव्वीस अंशांच्या वरचे पाणी फार काळ मानवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरपा लावावा. आपल्या कोरड्या हवेत त्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, पण बाष्पीभवनाने पातळीही रोज घटते. क्षार मागेच राहत असल्यामुळे ती घट नळाऐवजी आरओच्या पाण्याने भरून काढावी.