चुना तीव्र की सौम्य?

भाच्याचा प्रश्न आलाय. 'चुना सौम्य आम्लारी (म्हणजे बेस) आहे' असं लिहिलं आणि पेपरात काट मिळाली, पण आजी तर रोज पानाला लावून खाते, मग तो तीव्र कसा? आणि तीव्र नि संहत एकच ना?

एकच नाही. घोळ घातलाय 'सौम्य' या शब्दानं, कारण आपण पाणी वाढवून कमी केलेल्यालाही सौम्यच म्हणतो. शास्त्रात त्याला विरल म्हणायचं आणि उलट असेल तर संहत, म्हणजे पाण्यात माल किती पडलाय एवढाच हिशोब. तीव्र-सौम्य हा मात्र पदार्थाचा स्वभाव, पाण्यात गेल्यावर फुटून त्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, किती होतात तो. हायड्रोक्लोरिक ॲसिड जवळपास सगळं फुटतं, घरच्या व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड हजार रेणूंत चार-पाचच. लवंगी मिरची पातेलंभर रश्श्यात एकच टाकली तरी ती लवंगीच, आणि ढब्बू किलोभर चिरली तरी ढब्बूच. (तरी संहत ॲसेटिक ॲसिडनं कातडी भाजते हां, सौम्य वाचून हात घालू नकोस.)

आता चुना. तो विरघळतो फारच कमी, लिटरला दीड-दोन ग्रॅम, पण जेवढा विरघळतो तेवढा फुटतो म्हणून तीव्र. अमोनिया बरोबर उलटा, पाण्यात धो धो विरघळतो पण आम्लारीपणा आणणारे हायड्रॉक्साइड आयन देताना हात आखडता, म्हणून सौम्य. तासगावकडं द्राक्षबागेत बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, करताना बघ, मोरचुदाच्या पाण्यात चुना कमी पडला तर लोखंडी विळा बुडवल्यावर पात्यावर तांबूस थर धरतो, मग अजून चुन्याचं पाणी ओततात. बॅरलच्या तळाला न विरघळलेला चुना नंबर लावून बसलेला असतो, वरचा खर्ची पडला की तो विरघळतो. आजीचं म्हणशील तर ती बोटाच्या टोकावर घेते तेवढाच, जरा जास्त लागला की तिचंही तोंड भाजतंच की.

हळदीवर भरवसा ठेवू नकोस, चुन्यानं लाल होते तशी साबणानंही होते, आम्लारी आहे एवढंच ती सांगते, तीव्र का सौम्य ते नाही.

आणि हो, आम्लारी म्हणजे आम्लाचा अरी, शत्रू. त्याजागी 'क्षार' लिहू नकोस. आयुर्वेदात चालतं, पण तुझ्या पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल-आम्लारी भिडल्यावर उरतं ते, मिठाच्या जातीचं. वाळव्याकडं क्षारपड रान म्हणतात त्यातला क्षारही तोच.