युनियनचं काम आणि रोस्टरमधले तास

प्रश्न : अमेरिकेतल्या एका प्रादेशिक विमान कंपनीत मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. ‘एअर लाइन पायलट्स असोसिएशन’ या वैमानिकांच्या युनियनच्या, म्हणजे अल्पाच्या, आमच्या बेसच्या (आमच्या ट्रिप जिथून सुरू होतात त्या विमानतळाच्या) कौन्सिलवर नुकताच निवडून आलोय. आम्ही पदाधिकारी तिघंच. तक्रारी, बैठका, नव्या कराराची बोलणी, सुरक्षा समिती... आणि या कामांसाठी रोस्टरमधली ट्रिप (उड्डाणांची फेरी) सोडावी लागते, त्याचं बजेट तुटपुंजं. वेळ कशाला द्यावा?

उत्तर : हिशेब डॉलरमध्ये नको, क्रेडिट तासांत, म्हणजे ज्यांचा पगार मिळतो त्या तासांत, मांडा. युनियनच्या कामासाठी ट्रिप सोडली तरी तुमचा पगार चालू राहतो, पण त्याचं बिल युनियनला भरावं लागतं. तीन तासांची बैठक चार दिवसांच्या ट्रिपच्या दुसऱ्या दिवशी आली, तर बहुतेक वेळा अख्खी ट्रिप सोडावी लागते आणि वीसेक तास उडतात. म्हणून पुढच्या महिन्याचं बिडिंग (ट्रिप आणि सुट्यांची पसंती नोंदवणं) बंद होण्याआधीच बैठकांच्या तारखा पक्क्या करा आणि बिडमध्ये त्या दिवशी सुटी मागा. एवढ्या एका सवयीने जेवढं वाचतं, तेवढं दुसऱ्या कुठल्याही काटकसरीने वाचत नाही.

मग मुदतीची कामं घ्या. शिस्तभंगाची सुनावणी असो वा करारभंगाची तक्रार, करारात दिलेली मुदत हुकली तर खरी बाजूही लवादापुढे तांत्रिक मुद्द्यावर पडू शकते. सुरक्षा अहवाल तपासणाऱ्या समितीत कंपनी, एफएए (अमेरिकेची सरकारी विमान वाहतूक नियामक संस्था) आणि युनियन असे तिघे असतात आणि निर्णय सहमतीने होतो. तिथे ठरलेला माणूस हवा आणि त्याच्या जागी बसू शकणारा, प्रशिक्षण घेतलेला दुसरा माणूसही हवा. नाहीतर फायली तुंबतात.

कराराची बोलणी स्वतंत्र समितीवर सोडा. विमान कंपन्यांनाही लागू असलेल्या रेल्वे लेबर ॲक्टखाली करार तारखेला संपत नाही, नवा होईपर्यंत जुन्याच अटी चालतात. त्यामुळे बोलणी वर्षानुवर्षं रेंगाळतात आणि तुमचे तास गिळतात. बेसवरच्या लोकांना नेमकं काय हवंय ते त्या समितीपर्यंत पोहोचवणं, एवढंच तुमचं काम. हॉटेल, जंपसीट (कॉकपिटमधली जादा सीट), पार्किंगचे फोन स्वयंसेवकांकडे द्या. त्यासाठी निवडून यावं लागत नाही.

प्रश्न : अध्यक्षाला पूर्णवेळ मोकळं केलं तर?

उत्तर : मोठ्या कंपनीत करतातही. पण ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत, तर प्रवासी घेऊन उडण्याआधी बहुधा सिम्युलेटरची वारी करावी लागते. तेव्हा अधूनमधून एखादी ट्रिप उडत राहणं बरं.

अर्धवेळ पदाधिकाऱ्याची अडचण वेगळी. कंपनीने सांगितलेलं नसल्यामुळे युनियनचं काम एफएएच्या नियमांत ड्युटी धरलं जात नाही. कागदावर दहा तासांची विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेची संधी दिसते, प्रत्यक्षात मध्यरात्रीपर्यंत कुणाच्या तरी सुनावणीची तयारी चाललेली असते. ‘फिट’ म्हणून सही मात्र तुमचीच. फोनची पाळी लावताना उद्या सकाळी ज्याला ड्युटीवर हजर व्हायचंय, त्याला आज रात्री वगळा.