छापायचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी बाहेर काढा

कराडच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ३९. पुण्यात एचआरमध्ये होत्या, मार्च २०२४ मध्ये नोकरी सोडली आणि आता घरून पूर्णवेळ रहस्यकथा लिहितात, स्वतःच प्रकाशित करतात. किंडलवर चार कादंबऱ्या, एका वाचन अ‍ॅपवर मालिका, छापील प्रती प्रिंट ऑन डिमांडने, म्हणजे मागणी आली की तेवढीच छापायची. मिस्टरांचं इलेक्ट्रिकलचं दुकान, मुलगी आठवीत. जानेवारीत साताऱ्याला ९९ वं साहित्य संमेलन झालं, तिथे ओळखीच्यांच्या स्टॉलवर यांनी पुस्तकं ठेवली, ४६ प्रती गेल्या, आणि तिथेच लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्या एका पॅकेजवाल्याने गाठलं. १००० प्रती, कव्हर, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), मार्केटिंग, सगळं मिळून १ लाख ६० हजार. प्रश्न एवढाच की तीन लाखांची एफडी आहे, ती मोडून हे करू का.

नका करू, ताई. प्रत पडते १६० ला, किंमत ३००. दुकानदार-वितरक मिळून ५० टक्के मागतात हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे हातात १५०, प्रत्येक प्रतीमागे दहा रुपये पदरचे. स्वतः विकली आणि कुरिअरचे ५० धरले तर ९० सुटतात, पण गेल्या वर्षभरात संमेलन धरून तुमच्या हाताने गेल्यात ११० प्रती. या वेगाने हजार संपायला नऊ वर्षं, तोवर गठ्ठे दिवाणाखाली. आणि सध्या एकेक छापून तुम्हाला प्रत १४० ला पडतेय! घाऊक छापल्यावर महाग होणारं हे कसलं पॅकेज? कोटेशनमध्ये आयएसबीएनचे ३००० लावलेत, तो आपल्याकडे सरकार फुकट देतं, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या साइटवर लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. पुढच्या कार्यक्रमाआधी ५० प्रती मागवा, संपल्या की परत ५०. हा विषय इथे संपला.

आता जे विचारलं नाहीत त्याकडे येतो. पत्रात शेवटाला एक ओळ आहे, 'शिवाय वर्षाला १ लाख २० हजार गॅरंटीड इन्कम प्लॅनला जातात, ती माझी पेन्शन आहे, तिला हात लावायचा नाहीये.' हा प्लॅन म्हणजे विमा पॉलिसी. पीएफ-ग्रॅच्युइटीचे साडेसहा लाख खात्यात जमा झाले आणि आठवड्याच्या आत बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजर मॅडमचा फोन. अहो येणारच, खात्यातला फुगलेला बॅलन्स त्यांना स्क्रीनवर दिसतो. मॅडमनी सांगितलं, दहा वर्षं १.२० लाख भरा, मग दहा वर्षं दरसाल २ लाख घ्या, बारा लाखांवर दोन लाख म्हणजे साडेसोळा टक्के, तेही गॅरंटीड. हे साडेसोळा टक्के ऐकून माझं डोकं फिरतं. ते दोन लाख व्याज नाहीये, त्यात तुमचंच मुद्दल परत येतंय आणि २०४४ ला शेवटचा चेक मिळाला की पुढे काहीच नाही.

ब्रोशरमधला तक्ता काढा आणि तारखा बघा. एप्रिल २०२४ ला भरलेले १.२० लाख एप्रिल २०३५ ला २ लाख होऊन येतात. २०२५ चे २०३६ ला. असं शेवटपर्यंत, प्रत्येक हप्ता अकरा वर्षांनी. १.२० चे २ व्हायला अकरा वर्षं म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्के. पीपीएफ आज ७.१ देतंय, त्या दराने तेच १.२० लाख अकरा वर्षांत अडीच लाखांच्या वर जातात. टॅक्स वाचेल असंही सांगितलं म्हणे. कसला टॅक्स? तुम्ही नव्या टॅक्स रिजीममध्ये आहात, तिथे बारा लाखांपर्यंत तसाही टॅक्स लागत नाही आणि विम्याच्या हप्त्यावरची ८०सीची वजावट तिथे मिळतच नाही. (रॉयल्टीवर कापलेला टीडीएस मात्र रिटर्न भरून परत घ्या, तो हक्काचा आहे.)

बरं, पावणेपाच टक्के हे सुद्धा मी एखाद्या पगारदाराच्या बाबतीत नाक मुरडून चालवून घेतलं असतं. तुमचं तसं नाहीये. तुम्ही लिहिलंय महिन्याला सरासरी १८ हजार येतात. शीट जोडलीत ते बरं केलंत. तुम्ही किंडलच्या डॅशबोर्डवरचा आकडा धरलाय, तिथली रॉयल्टी महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी खात्यात येते, आणि तुम्ही डॅशबोर्डचा आकडाही मोजलात आणि नंतर आलेला क्रेडिटही. डबल. बँक स्टेटमेंटप्रमाणे वर्षात आले १ लाख ५६ हजार. त्यातले ४० हजार ऑडिओ हक्कांचे, एकदाच आलेले. उरले १ लाख १६ हजार, कुठल्या महिन्यात २१ हजार तर जूनमध्ये २९००. आणि प्रीमियम १ लाख २० हजार! म्हणजे लेखिकेची वर्षाची अख्खी कमाई पॉलिसीत घालूनही चार हजार कमी पडतात, आणि यात कव्हर, मुद्रितशोधन, जाहिराती मिळून वर्षाचा ६४ हजारांचा खर्च मी अजून धरलेलाच नाही. मग प्रीमियम येतो कुठून? साडेसहा लाखांतून. त्याचे आता तीन उरलेत, तीच ती एफडी. पॅकेजचे १.६० आणि एप्रिलचा हप्ता १.२० काढलात की शिल्लक वीस हजार. दुकान मंद असलेल्या महिन्यात घर चालवायला वीस हजार.

पुढच्या वर्षी उत्पन्न दुप्पट होईल, एका वेब सिरीजवाल्यांचा मेसेज आलाय, हे वाचलं. येऊ दे की. करार झाला, पैसे खात्यात पडले की मला कळवा, तेव्हा त्या पैशांचं बघू. मेसेजवर हप्ता भरला जात नाही.

आता करायचं काय, तर पॉलिसी सरेंडर करू नका, म्हणजे मधेच मोडून पैसे परत घेऊ नका. रागाच्या भरात लोक तेच करतात. ऑक्टोबर २०२४ आधीची पॉलिसी, म्हणजे सरेंडरचे जुने नियम, त्यात दोनच हप्ते भरलेत, हातात येतील भरलेल्याच्या ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २.४० लाखांचे ७०-७२ हजार. त्यापेक्षा पेड-अप करा. पुढचे हप्ते बंद, पॉलिसी चालू, लाभ भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात. दहापैकी दोन भरलेत तर दोन लाखांऐवजी साधारण ४० हजार दरसाल, २०३५ पासून दहा वर्षं. ७२ हजारांचं असं कोणी दुसरीकडे करून देणार नाही. तुमच्या पॉलिसीत पेड-अपचा नेमका आकडा किती, ते कंपनीच्या शाखेतून लेखी घ्या, बँकेतून नको.

आणि दुसरी गोष्ट, ती तर पत्रात शब्दानेही नाहीये. मेडिक्लेम. मी उलट मेल करून विचारलं तर उत्तर आलं की कंपनीचा होता, नोकरीबरोबर गेला, नंतर राहून गेलं. दोन वर्षं तीन माणसांचं घर विम्याशिवाय चाललंय आणि मधल्या काळात मिस्टरांना शुगर निघाली. नोकरी सोडतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता आलं असतं, आधीच्या वर्षांचं क्रेडिट मिळालं असतं, ते एचआरमध्ये असून तुम्हाला कोणी सांगितलं नाही याचं नवल वाटतं. असो. आता दहा लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे तिघांना मिळून एकच मेडिक्लेम, घ्या, वर्षाला २०-२५ हजार पडतील, शुगरमुळे थोडे वर. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी नाहीये. फॉर्मवर शुगर लिहा म्हणजे लिहाच, एजंट 'लिहू नका, प्रीमियम वाढेल' म्हणाला तर एजंट बदला. शुगरशी संबंधित आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागेल, ती तीन वर्षं जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. महात्मा फुले योजनेचं कार्ड काढून ठेवा, पाच लाखांपर्यंत आहे, पण ठरावीक हॉस्पिटलं आणि ठरावीक उपचार, त्यावर विसंबून राहू नका. मिस्टरांचा साधा टर्म प्लॅनही (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) बघा, शुगर असली तरी मिळतो, थोडा महाग.

पैसे कुठून आणायचे म्हणाल तर तुमच्याच शीटमधून. तुम्ही दिवस कसा जातो ते लिहिलंय. पहाटे पाच ते साडेसात लिखाण, मग डबे, दहा ते एक श्रीलिपी या जुन्या फाँटमधल्या फायली युनिकोडमध्ये आणून मोडलेले रफार नि जोडाक्षरं नीट करणं, दुपारी पार्सलं बांधून कुरिअरवाल्याकडे, संध्याकाळी रील, रात्री अकरापर्यंत डॅशबोर्ड रिफ्रेश. अडीच तास लिहायचं आणि बाकी दिवसभर विकायचं. ठीक आहे, स्वतः छापणाऱ्याचं असंच असतं. पण जाहिरातींचे महिन्याला ३००० बघा. ऑगस्टमध्ये कार्ड एक्स्पायर झालं, जाहिरात बंद पडली, विक्री जुलैएवढीच. ऑक्टोबरमध्ये मालिकेतला चौथा भाग आला, तर पहिला भाग दोन महिने दुप्पट खपला. म्हणजे वाचक आणतंय नवीन पुस्तक. जाहिरात तीन महिने बंद ठेवून बघा, फरक पडला नाही तर वर्षाचे ३६ हजार मोकळे, त्यात मेडिक्लेम बसला आणि वर पाचव्या भागाच्या कव्हरचे पैसेही निघाले. रात्रीचा तास रिफ्रेशमध्ये घालवण्यापेक्षा झोपलात तर पहाटेचा अर्धा तास वाढेल.

जाता जाता, दुसरी कादंबरी किंडल अनलिमिटेडमध्ये (वाचकाने ठरावीक वर्गणी भरून हवं तितकं वाचायचं, ती योजना) आहे आणि तीच अ‍ॅपवर अख्खी वाचायला पण आहे असं दिसतंय. हे अ‍ॅमेझॉनच्या अटींत बसत नाही, पुस्तक त्या योजनेत ९० दिवसांच्या मुदतीने जातं, त्या मुदतीत ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवायचं नसतं, फुकट सुद्धा. अकाउंट बंद झालं तर निम्म्याहून जास्त कमाई गेली. आज रात्रीच अ‍ॅपवरचे भाग उतरवा, आणि तिथेच ठेवायचे असतील तर किंडल अनलिमिटेडचं ऑटो-रिन्यूअल काढा, मुदत संपली की परत चढवा.

एफडी आहे तिथे राहू दे, हात लावायचा नाही असं म्हणायचंच असेल तर ते तिच्याबद्दल म्हणा. एप्रिलचा हप्ता ऑटो-डेबिट आहे, पेड-अपचा अर्ज देऊन भागणार नाही, मार्च संपायच्या आत बँकेत जाऊन मॅन्डेट (हप्ता आपोआप कापायची तुम्ही दिलेली परवानगी) रद्द करा आणि पोच घ्या. मॅडमचा फोन येईल, 'दोन वर्षांचे पैसे बुडतील हो' म्हणतील. पेड-अपचं लेखी पत्र त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि फोनवर कशालाच हो म्हणू नका.