दारुहळदीच्या चूर्णाने डिप्रेशन जातं का?

प्रश्न: माझा धाकटा दीर काही महिने डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्रॅम घेतोय, आता बराच सावरलाय. पण व्हॉट्सॲपवर आलंय की दारुहळद आणि मिरीतल्या अल्कलॉइडनी (वनस्पतीतल्या रसायनांनी) डिप्रेशन मुळापासून जातं. तो म्हणतो गोळी सोडून चूर्णच घेतो, जोडीला सर्पगंधा, म्हणे झोप छान लागते. घेऊ देऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, गोळी अशी मनाने सोडू देऊ नका, आणि सर्पगंधा तर नकोच नको.

तो मेसेज अगदीच थाप नाहीये हं. दारुहळदीतलं बर्बेरीन, मिरीतलं पायपरीन, दोन्हींचे उंदरांवर बरे रिझल्ट आलेत. पण हे रिझल्ट येतात कसे ते बघा. उंदराला पाणी भरलेल्या उंच काचेच्या भांड्यात सोडतात, बाहेर यायला वाट नाही, 6 मिनिटं ठेवतात आणि शेवटच्या 4 मिनिटांत तो धडपड सोडून नुसता किती वेळ तरंगतो ते मोजतात, औषध दिलेला उंदीर जास्त धडपडला की म्हणायचं यात दम दिसतोय. नवीन औषधं चाळायला ठीक आहे, पण तेवढ्यावर चालू गोळी बंद करायची म्हणजे बाजारात तुरी नि भट भटणीला मारी!

बरं, गोळी चालू ठेवून वर चूर्ण घेतलं तर? तेही नको. औषधं मोडणारी लिव्हरमधली एन्झाइम्स ही दोन्ही अल्कलॉइड दाबू शकतात, मग नेहमीचाच डोस रक्तात जास्त चढू शकतो. आमटीतल्या मिरीला घाबरायचं कारण नाही, मी कॅप्सूल आणि चमचा चमचा चूर्णाबद्दल बोलतोय.

आता सर्पगंधा. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर पेपर लिहिला आणि बीपीसाठी ती जगभर गेली, 1952 मध्ये तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं. हे रेसर्पिन मेंदूतल्या पेशींमधला सेरोटोनिनचा, म्हणजे मूडशी संबंधित रसायनाचा, साठाच रिकामा करतं, आणि बीपीचे काही पेशंट ते घेऊन उदास झाल्याचे रिपोर्ट यायला लागले. गंमत म्हणजे 1955 मध्ये लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांच्या ट्रायलमध्ये चिंता-उदासीच्या पेशंटना त्याच रेसर्पिनने बरं वाटलं होतं, त्यामुळे रेसर्पिनने खरंच डिप्रेशन येतं का हा वाद अजून मिटलेला नाही. पण ज्याला डिप्रेशन आहे त्याला रेसर्पिन देऊ नये असंच औषधाच्या माहितीत लिहिलेलं असतं, तेव्हा ही रिस्क दिराने कशाला घ्यायची?

बरं वाटायला लागल्यावरही गोळी साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं असले त्रास होऊ शकतात आणि आजार परत उलटू शकतो तो वेगळाच. चूर्ण आधीच सुरू केलं असेल तर पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा, लपवू नका. आणि मधेच फार खचला, जिवाचं काही बरंवाईट करायचं बोलला तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याला एकटं सोडू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.