जिवंत पाणी, 'जीवनजल' नव्हे

ठाण्याहून एका वाचक ताईंनी विचारलंय: बायबलातलं 'तान्हेला' चूक आणि 'तहानलेला' बरोबर का? आणि 'जिवंत पाणी' खटकतं, 'जीवनजल' चालेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं. संस्कृत तृष्णा, प्राकृत तण्हा, मराठी तहान. तान्हेला त्याच घरचा आहे, खुशाल वापरा.

'जीवनजल' मात्र नको! हल्ली प्रवचनांत, पत्रिकांत हाच शब्द कानी पडतो. संस्कृतात 'जीवन' म्हणजेच पाणी. अमरकोशात पाण्याची नावं मोजताना 'पयः कीलालममृतं जीवनं भुवनं वनम्' असं आलंय. अंबरनाथ-बदलापूरला नळाचं पाणी देणाऱ्या महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या नावात तेच जीवन आहे. म्हणजे जीवनजल झालं पाण्याचं पाणी. वरच्या ओळीत 'अमृत'ही आहे, तेव्हा 'अमृतजल' सुचवणाऱ्या पंडितांनी आधी कोश उघडावा.

खरी गंमत 'जिवंत'मध्ये आहे. बायबलाच्या जुन्या कराराची मूळ भाषा हिब्रू. तिच्यात 'मयिम हय्यिम' म्हणजे शब्दशः जिवंत पाणी. अर्थ वाहतं, झऱ्याचं पाणी. बायबलातल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात इसहाकाच्या चाकरांना गराराच्या खोऱ्यात खणताना तेच लागलं. आणि आपल्याकडे विहिरीच्या तळाशी बारमाही झरा लागला की काय म्हणतात? जिवंत झरा! दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी शब्द तोच. भाषांतरकारांना हा शब्द कोशात नव्हे, विहिरीच्या काठावर मिळाला असावा असं मला ठाम वाटतं.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातला सगळा संवाद या दुहेरी अर्थावर उभा आहे. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर येशू शोमरोनी बाईला जिवंत पाण्याबद्दल सांगतो. तिला वाटतं, हा तळातल्या झऱ्याचंच बोलतोय. म्हणून ती म्हणते, विहीर खोल, तुमच्याजवळ पोहराही नाही, मग ते पाणी आणणार कुठून? येशूच्या मनातलं पाणी माणसाच्या आत उफाळणारं आहे. तिथे 'जीवनजल' घाला, मग पोहऱ्याची गोष्ट काढायला त्या बाईला कारणच उरत नाही.

'प्रकटीकरणात जीवनाचे पाणी आहेच की', असं एका जाणकारांनी बायबलाच्या या शेवटच्या पुस्तकाचा दाखला देत मला सुनावलं. आहे, कारण तिथे मूळ ग्रीकमध्ये 'जीवन' हे नाम आहे. योहानात 'जिवंत' हे विशेषण आहे. दोन्ही जागा जशाच्या तशा ठेवा.

आणि हो, तहान. वधस्तंभावर येशू ग्रीकमध्ये एकच शब्द बोलतो, 'दिप्सो'. मराठीत 'मला तहान लागली आहे'. तिथे कृपा करून 'मी तृषार्त आहे' लिहू नका.