अजिंक्यपद 'जिंकता' येत नाही

एका वाचकाचा प्रश्न आहे : "१८८९ साली ॲम्स्टरडॅमला झालेल्या पहिल्या जागतिक स्पीड स्केटिंग स्पर्धेबद्दल वाचताना 'अजिंक्यपद कोणालाच देण्यात आले नाही' असे वाक्य आले. शर्यती तर पार पडल्या होत्या. मग पहिला आलेला अजिंक्य का नाही? की भाषांतर चुकले? आणि स्केटिंगला मराठी शब्द काय?"

भाषांतर अचूक आहे. 'अजिंक्यपद' हा शब्द इतका चपखल बसलेला फार क्वचित दिसतो. चुकतात ते रोजचे वापर. परवाच एका चौकातल्या फ्लेक्सवर वाचले : 'तालुका अजिंक्यपद जिंकल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. अहो, जे जिंकता येत नाही ते अजिंक्य, आणि तेच जिंकलात? अजिंक्यपद मिळवावे, पटकवावे, राखावे, गमवावे. जिंकायची ती स्पर्धा. समालोचक तर एका दमात 'साखळीत दोन सामने हरलेला अजिंक्य संघ' असेही म्हणून जातात, आणि ते ऐकवत नाही.

आता ॲम्स्टरडॅम. ८ आणि ९ जानेवारी १८८९, राइक्सम्युझियमच्या मागच्या मैदानावरचा बर्फ, यजमान तिथला आइस क्लब. अंतरे तीन : अर्धा मैल, एक मैल, दोन मैल. नियम असा की तिन्ही अंतरे जिंकेल त्यालाच जगज्जेता म्हणायचे. रशियाच्या अलेक्सांद्र पान्शिनने दोन जिंकली, तिसरे निसटले. झाले, पद रिकामे राहिले. पुढच्या वर्षीही तेच. १८९१ मध्ये अमेरिकेच्या जो डॉनह्यूने सगळी अंतरे मारली, तेव्हा कुठे पहिला मानकरी मिळाला. काही याद्यांमध्ये १८८९ पुढे पान्शिनचे नाव बिनदिक्कत घातलेले असते. स्केटर म्हणून तो थोर होता, पण त्या दिवशी तो एका अंतरात हरला. ज्याला कोणीतरी हरवले तो अजिंक्य नव्हे, हे त्या डच आयोजकांना आपल्या क्रीडापानांपेक्षा जास्त कळत होते.

जुलै १८९२ मध्ये स्खेव्हेनिंगेनला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली. जानेवारी १८९३ मध्ये पुन्हा ॲम्स्टरडॅमलाच पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली. मैल गेले, मीटर आले : ५००, १५००, ५००० आणि १०,०००. नियमही जरा सैलावला, चारपैकी तीन अंतरे पुरे. एकोणीस वर्षांच्या याप एडनने तीन जिंकली आणि पद घेतले. तरी १८९४ ला स्टॉकहोममध्ये कोणालाच तीन जमली नाहीत, पद पुन्हा रिकामे. १९०२, १९०३, १९०६, १९०७ या वर्षांतही तीच गत. १९०८ पासून, कोणालाच तीन अंतरे न मिळाल्यास गुणांवर विजेता ठरू लागला. खेळाच्या दृष्टीने ते सोयीचे असेल, पण शब्दाची धार तिथेच बोथट झाली.

शब्दाची खरी गंमत त्याच्या घडणीत आहे. 'जिंकणे' हे आपले रोजच्या बोलण्यातले क्रियापद. त्याच्यामागे नकाराचा 'अ' आणि पुढे संस्कृत वळणाचा 'य'. धातू मराठी, पोशाख संस्कृत. 'अटळ', 'अढळ', 'अतूट' यांत नुसता 'अ' लागून भागले, इथे मात्र शेवटी 'य'चा तुरासुद्धा खोवला आहे. यावरून शुद्धिवाद्यांनी नाके मुरडली आणि 'अजिंक्य अशुद्ध, अजेय लिहा' असे सांगितले. मला हे मुळीच मान्य नाही, आणि माझ्या बाजूला साक्षात पाणिनी आहे. 'क्षय्यजय्यौ शक्यार्थे' हे त्याचे सूत्र (६.१.८१). जिंकणे शक्य आहे ते 'जय्य', जिंकणे योग्य आहे ते 'जेय'. सूत्रावर भाष्य करणारे उदाहरण देतात 'जेयं मनः', म्हणजे मन जिंकायला हवे. तेव्हा जिंकणे अशक्य म्हणायचे असेल तर संस्कृतात नेमका शब्द 'अजय्य'. 'अजेय' सुचवणाऱ्यांनी शुद्धीच्या नावाखाली अर्थच सैल केला. 'अजिंक्य' मात्र जिथे बोट ठेवायचे तिथेच ठेवतो.

'अपराजित' चालेल का, असेही कोणी विचारते. नाही. अपराजित म्हणजे आजवर हरला नाही, हा मागचा हिशेब. अजिंक्य म्हणजे हरवताच येणार नाही, हा पुढचा दावा.

आणि हा दावा किती जिद्दीचा असू शकतो ते साताऱ्याला जाऊन पाहावे. १७०० साली औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेतला आणि मुलाच्या नावावरून त्याला 'आझमतारा' म्हटले. मराठ्यांनी किल्ला परत घेतला आणि नाव झाले 'अजिंक्यतारा'. 'पडलेला गड अजिंक्य कसा?' असे विचारणारे आहेत. माझे मत स्पष्ट आहे : नाव ठेवणाऱ्याने 'आझम' कानात ठेवूनच 'अजिंक्य' निवडला. दोन्ही नावे मोठ्याने म्हणून पाहा : आझमतारा, अजिंक्यतारा. 'आ'च्या जागी 'अ', त्यानंतर 'झ'च्या जवळचाच 'ज', मग अनुनासिक, आणि 'तारा' जागच्या जागी. शत्रूचे नाव पुसताना त्याचा नाद तेवढा ठेवला आणि अर्थ उलटा केला. 'अजेयतारा' म्हटले असते तर हा नाद कुठून आला असता? काही जण याला निव्वळ योगायोग म्हणतात. नावे ठेवणारी माणसे कानाने विचार करतात हे ते विसरतात.

राहिला स्केटिंगचा प्रश्न. स्केटिंगच म्हणा. 'हिमघसरण' वगैरे घडवू नका, घसरणे म्हणजे तोल जाणे, आणि हा सगळा खेळ तोल राखण्याचा आहे. शिवाय मूळ डच शब्द 'स्खाट्स' एकवचनी. शेवटचा 'स' अनेकवचनाचा समजून इंग्रजांनी तो छाटला, म्हणून 'स्केट'. आपण बरोबर उलटे केले : त्यांचे अनेकवचन 'मॅचेस' उचलले आणि एकाच पेटीला 'माचिस' म्हणू लागलो.